पेनड्राइव्हवरून आयएसओ बूट करायची तर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले आणि घरोघरच्या धडधाकट लॅपटॉपचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर यादीत बसत नाही, म्हणून विंडोज ११ त्यांना दारातच अडवतं. मग कुणीतरी सांगतं, लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघ. तुम्ही तीनेक जीबीची आयएसओ फाइल उतरवून घेता, पेनड्राइव्हवर कॉपी करता, लॅपटॉप रीस्टार्ट करता, आणि समोर पुन्हा तेच विंडोज.

यात पेनड्राइव्ह खराब नसतो आणि फाइलही बहुधा ठीक असते. मधली एक पायरी राहिलेली असते, एवढंच. ती पायरी कोणती, आणि त्यानंतरही काही अडलं तर ते नेमकं कुठे अडलं हे कसं ओळखायचं, हे इथे लिहितो आहे. उदाहरण मिंटच्या २२ व्या मालिकेचं घेतो, कारण नवख्या माणसाला मी तीच सुचवतो: उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि ४ जीबी रॅमच्या मशीनवरही ती नीट चालते. उबुंटू, फेडोरा किंवा विंडोजची आयएसओ असेल तरी कृती जवळपास हीच.

नुसती कॉपी का चालत नाही

आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडीची किंवा डीव्हीडीची एका फाइलमध्ये घेतलेली हुबेहूब प्रत. सीडीवर फाइली कशा मांडायच्या हे ठरवणारं आयएसओ ९६६० हे मानक १९८८ चं आहे. सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करता यावा म्हणून त्याला एल टोरिटो नावाची जोड मिळाली ती १९९५ मध्ये. त्या वेळी पेनड्राइव्ह बाजारातच नव्हता, त्यामुळे यातलं काहीही पेनड्राइव्हसाठी आखलेलं नाही.

कॉम्प्युटर सुरू होतो तो तीन टप्प्यांत. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे त्यात कायमचा बसवलेला प्रोग्रॅम, जागं होतं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनवर ते यूईएफआय प्रकारचं असतं, त्याआधीच्या मशीनवर जुनं बायोस. यूईएफआय पेनड्राइव्हवर फॅट३२ पद्धतीने मांडलेला भाग, म्हणजे पार्टिशन, शोधतं, त्यात ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल. ही फाइल म्हणजे बूटलोडर. ती सापडली की चालवायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच फर्मवेअरचं काम. मिंटच्या आयएसओत ही फाइल असतेच, पण ती आयएसओच्या पोटात. फर्मवेअरच्या लेखी आयएसओ ही फोटो किंवा पिक्चरसारखी एक साधी फाइल आहे. तिच्या आत ते डोकावत नाही.

दुसऱ्या टप्प्यात बूटलोडर मेन्यू दाखवतो आणि लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मेमरीत आणून सोडतो. तिसरा टप्पा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. कर्नल सुरू झालं की बूटलोडरने पेनड्राइव्हवर काय काय पाहिलं होतं, यातलं त्याला काहीच आठवत नाही. ते स्वतःचे ड्रायव्हर लावतं आणि उरलेली सिस्टीम कुठे आहे, हे पहिल्यापासून शोधायला लागतं. बूटलोडरला आयएसओच्या आतलं वाचता आलं तरी कर्नलला ती आयएसओ सापडेलच असं नाही. मेन्यू दिसतो, एंटर मारता, थोडा वेळ ओळी सरकतात आणि काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट येऊन बसतो, तो याच टप्प्यावर.

हे तीन टप्पे डोक्यात ठेवा. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

यावर लिनक्सवाल्यांनी एक नामी युक्ती काढली. आयएसओ ९६६० च्या नियमानुसार फाइलचे सुरुवातीचे ३२ केबी मोकळे सोडलेले असतात. त्या मोकळ्या जागेत त्यांनी हार्डडिस्कवर असतं तसं पार्टिशन टेबल आणि बूटचा कोड बसवला. अशी आयएसओ पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली, की फर्मवेअरला तो पेनड्राइव्ह एक बूट होणारी डिस्क वाटतो. हिला हायब्रिड आयएसओ म्हणतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन सगळ्यांच्या आयएसओ अशाच असतात. विंडोजची नसते, आणि त्यातून होणारे घोळ पुढे येतील.

आधीची तयारी

पेनड्राइव्ह ८ जीबीचा असला तरी मिंटपुरतं भागतं. नवा घेणार असाल तर ३२ किंवा ६४ जीबीचा, यूएसबी ३ चा घ्या. फुटपाथवर किंवा ऑनलाइन मातीमोल भावात ‘२ टीबी’चे पेनड्राइव्ह मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांत खरी चिप असते १६ किंवा ३२ जीबीची, आकडा मात्र खोटा दाखवलेला. त्या मर्यादेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, त्यापुढे लिहिलेला डेटा गायब होतो. शंका असेल तर रूफस या प्रोग्रॅमच्या फॉरमॅटच्या जादा पर्यायांमध्ये बॅड ब्लॉक तपासायची खूण आहे, ती करून एकदा चालवा. वेळ बराच लागतो, पण खोटा पेनड्राइव्ह त्यात पकडला जातो.

पेनड्राइव्हवर जे काही आहे ते सगळं पुसलं जाणार. त्यावरचे लग्नाचे फोटो, टॅलीचा बॅकअप, काय असेल ते आधी दुसरीकडे हलवा.

आता दुसरी तयारी. लॅपटॉपवर विंडोज असेल, विशेषतः विंडोज ११ असेल, तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. होम आवृत्तीत त्याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं, कुणी न सांगता. फर्मवेअरमधली सेटिंग बदलली, विशेषतः सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं, की विंडोज पुढच्या वेळी सावध होतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मिळाली नाही तर आतला डेटा कुणालाच वाचता येत नाही, दुकानदारालाही नाही आणि मायक्रोसॉफ्टलाही नाही. की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या साइटवर त्या लॅपटॉपच्या नावाखाली साठवलेली असते. मोबाइलवरून खातं उघडा, आकडे कागदावर उतरवून घ्या आणि मगच पुढे जा. की त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवण्यात काय अर्थ आहे, ते सांगायला नको.

आयएसओ उतरवणे आणि पडताळणे

मिंटच्या अधिकृत साइटवर सिनॅमन, मॅटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या दिसतील. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, ४ किंवा त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई. मॅटे दोन्हींच्या मधली. यावर फार विचार करू नका, पेनड्राइव्हवर तिन्ही ठेवून बघता येतील. प्रोसेसर मात्र इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिटचा हवा. स्नॅपड्रॅगनवाल्या नव्या विंडोज लॅपटॉपवर आणि अॅपलच्या एम मालिकेच्या मॅकवर ही आयएसओ चालणार नाही. इंटेलचा जुना मॅक असेल तर चालते, चालू करताना ऑप्शन की दाबून धरायची.

डाउनलोडच्या पानावर आयएसओच्या शेजारी एसएचए-२५६ अशी ६४ अक्षरी ओळ मिळते. तो या फाइलचा ठसा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजवर सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर आयएसओवर राइट क्लिक करा, विंडोज ११ वर ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये जा, सेव्हन-झिपच्या मेन्यूत ‘सीआरसी एसएचए’ आणि त्यात एसएचए-२५६ निवडा. मिनिटभरात ओळ समोर येते. साइटवरच्या ओळीशी जुळवा.

हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात, म्हणून दोन कारणं देतो. पहिलं रोजचं: मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीन जीबी उतरवताना मध्येच रेंज जाते, फाइल अर्धवट राहते, आणि त्याचा त्रास पुढे इन्स्टॉल ७० टक्क्यांवर असताना होतो. दुसरं क्वचितचं, पण खरोखर घडलेलं: २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची साइटच हॅक झाली आणि मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवली गेली. साइटच हातात असलेला माणूस तिथला ठसाही बदलू शकतो, म्हणून ठशाच्या फाइलवर मिंटवाल्यांची डिजिटल सही असते. सरावलात की ती पडताळायलाही शिका. पहिल्या दिवशी ठसा जुळवलात तरी पुरे.

व्हेंटॉयवाला पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह तयार करायचे तीन मार्ग आहेत. बलेना एचरसारखं साधन हायब्रिड आयएसओ जशीच्या तशी उतरवतं. रूफस आयएसओ उलगडून आतल्या फाइली मांडतं आणि वर स्वतःचा बूटलोडर बसवतं. व्हेंटॉय मात्र पेनड्राइव्हवर स्वतः एकदाच बसतं आणि नंतर आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, म्हणजे सुरुवातीला जे करून पाहिलं होतं अगदी तेच. वरचा तिसरा टप्पा, कर्नलला आयएसओ सापडण्याचा, तो व्हेंटॉय परस्पर सांभाळून घेतं.

नवख्या माणसाने व्हेंटॉयपासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चूक करायची संधी एकदाच येते, इन्स्टॉलच्या वेळी. त्यानंतर मिंट, उबुंटू, विंडोज, डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला सगळं एका पेनड्राइव्हवर राहतं आणि उरलेल्या जागेत आपल्या फाइलीही. व्हेंटॉयच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, आतलं वाचून तपासता न येणाऱ्या काही तयार बायनरी फाइली असतात आणि त्यांवर जाणकारांनी आक्षेप घेतलेला आहे. बँकेच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर काम करायचं असेल तर त्या कारणासाठी रूफस वापरा. घरच्या जुन्या लॅपटॉपला मी व्हेंटॉयच वापरतो.

व्हेंटॉयच्या अधिकृत साइटवरून किंवा गिटहबवरच्या त्याच्या पानावरून विंडोजची झिप घ्या. सर्च केलं की मिळत्याजुळत्या नावाच्या साइटीही येतात, त्या टाळा. झिप आधी पूर्ण उलगडा. झिपच्या आतूनच डबल क्लिक केलंत तर प्रोग्रॅमला त्याच्या सोबतच्या फाइली सापडत नाहीत आणि एरर येते. लॅपटॉपला बाहेरची यूएसबी हार्डडिस्क लावलेली असेल तर ती काढून ठेवा, म्हणजे घाईत चुकीची डिस्क निवडायची भीतीच उरत नाही.

उलगडलेल्या फोल्डरातलं ‘व्हेंटॉय२डिस्क’ चालवा. छोटीशी खिडकी उघडते. वर ‘डिव्हाइस’च्या यादीत आपला पेनड्राइव्ह दिसतो, नावापेक्षा त्याचा आकार जुळतो का ते बघा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ६४ जीबीचा पेनड्राइव्ह साठ जीबीहून कमी दिसेल, त्यात काही गडबड नाही. कंपन्या हजाराच्या पटीने मोजतात, विंडोज १०२४ च्या. ‘ऑप्शन’ मेन्यूत ‘सिक्युअर बूट सपोर्ट’वर खूण आहे ना, याची खात्री करा. पार्टिशनचा प्रकार एमबीआर असेल तर तसाच राहू द्या, तो जुन्या बायोसवरही चालतो आणि नव्या यूईएफआयवरही. ‘इन्स्टॉल’ दाबा. सगळं पुसलं जाईल अशी सूचना एकदा येते, मग पुन्हा एकदा येते. दोनदा विचारतंय म्हणजे दोनदा बघा.

अर्ध्या मिनिटात काम होतं. आता पेनड्राइव्हचे दोन भाग झालेले असतात. मोठा भाग ‘व्हेंटॉय’ नावाचा, एक्सफॅट फॉरमॅटचा, तो तुमचा. दुसरा ३२ एमबीचा, ‘व्हीटॉयईएफआय’ नावाचा, त्यात बूटलोडर असतो. त्याला हात लावू नका. फर्मवेअरला लागणारं फॅट३२ पार्टिशन ते हेच.

मिंटची आयएसओ मोठ्या भागात कॉपी करा. फोल्डर करून त्यात ठेवली तरी व्हेंटॉय शोधून काढतं. फाइलच्या आणि फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं नसलेली बरी. कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करूनच पेनड्राइव्ह काढा. हे रिवाज म्हणून सांगत नाही. सिस्टीम आधी डेटा मेमरीत घेते आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर लिहिते, लिनक्सवर तर हे अगदी उघड दिसतं: पट्टी झरझर सरकून शंभर टक्के होते आणि पेनड्राइव्हचा दिवा मात्र पुढची दोन मिनिटं लुकलुकत असतो. त्या दोन मिनिटांत उपसलात तर आयएसओचं शेपूट पेनड्राइव्हवर पोचतच नाही.

पेनड्राइव्हवरून चालू करणे

विंडोजवरून यायचा सर्वांत सोपा रस्ता असा: पेनड्राइव्ह लावा, स्टार्ट मेन्यूतल्या पॉवरच्या खुणेवर क्लिक करा आणि शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडा. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ दिसतं, त्यात पेनड्राइव्हचं नाव निवडायचं. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही, तेव्हा कळ दाबूनच बूट मेन्यू उघडावा लागतो. डेल, लेनोवो आणि गिगाबाइटला बहुधा एफ१२, एचपीला आधी एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ८, एमएसआय आणि अॅसरॉकला एफ११. एसरलाही एफ१२ च, पण त्याच्या बऱ्याच मॉडेलवर आधी फर्मवेअरमध्ये जाऊन एफ१२ बूट मेन्यू चालू करावा लागतो. लेनोवोच्या आयडियापॅडला कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, लॅपटॉप बंद असताना त्यात टाचणी दाबली की मेन्यू येतो. कळ एकदाच दाबून भागत नाही. पॉवर दाबल्यापासून टकटक करत राहा.

लॅपटॉप ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केला तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे तो खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो, कर्नल डिस्कवर झोपवून ठेवलेलं असतं. म्हणून इथे ‘रीस्टार्ट’च वापरा.

बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेला. यूईएफआयवाला निवडा. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं असेल आणि लिनक्स तुम्ही जुन्या पद्धतीने बसवलंत, तर दोघांतलं एक निवडायला दर वेळी फर्मवेअरमध्ये जावं लागेल.

सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा बहुतेकांची छाती धडधडते. ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’, ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ अशी भाषा असलेला पडदा येतो. काही बिघडलेलं नसतं. व्हेंटॉयची सही या मशीनला अजून ओळखीची नाही, इतकंच. ‘ओके’ करा, पुढच्या निळ्या पडद्यावर काही सेकंदांतच कोणतीही कळ दाबा, नाहीतर संधी निघून जाते. ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडा, ‘व्हीटॉयईएफआय’ निवडा, मग ‘एनरोल धिस की’ अशा नावाने सुरू होणारी फाइल. ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि शेवटी ‘रीबूट’. एका मशीनवर हे एकदाच करायचं असतं. सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला जागोजागी दिलेला असतो. वरच्या बिटलॉकरमुळे मी तो शेवटचा उपाय मानतो.

आता व्हेंटॉयचा मेन्यू दिसेल आणि त्यात तुमची आयएसओ. एंटर मारण्याआधी त्या ओळीवर असताना ‘एम’ दाबा. पेनड्राइव्हवर पोचलेल्या फाइलचा ठसा काढायचा पर्याय तिथे मिळतो. मघाशी लॅपटॉपवरच्या प्रतीचा ठसा जुळला होता, हा पेनड्राइव्हवरच्या प्रतीचा. हाही जुळला तर डाउनलोड आणि कॉपी या दोन्हींवरचा संशय एकदम फिटतो. मग एंटर, ‘बूट इन नॉर्मल मोड’, आणि मिंटच्या मेन्यूतली पहिली ओळ.

डेस्कटॉप आला, आता?

हे लाइव्ह सेशन. सगळं रॅममध्ये चाललेलं असतं, लॅपटॉपच्या डिस्कवर अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ची खूण आहे, तिला इतक्यात हात लावू नका. आधी मशीन तपासा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का, कॅमेरा दिसतो का. वायफाय दिसतच नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा ड्रायव्हर बहुतेक वेळा तिथे मिळतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडून एखादा परिच्छेद टाइप करून बघा, इनस्क्रिप्टही आहे आणि फोनेटिकही. रीस्टार्ट केलंत की लाइव्हमध्ये केलेलं सगळं पुसलं जातं, तेव्हा बिनधास्त खुडबुड करा.

इन्स्टॉल करायचं ठरलं, तर ज्या पडद्यावर थांबून विचार करायचा तो एकच: ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’. याचा अर्थ शब्दशः तोच आहे. डी ड्राइव्ह वाचेल या भ्रमात राहू नका. विंडोजचे सी, डी, ई हे बहुधा एकाच डिस्कचे तुकडे असतात आणि सगळे जातात.

विंडोज चालू होत नसलेल्या लॅपटॉपमधून फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढायलाही हेच लाइव्ह सेशन उपयोगी पडतं. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचं पार्टिशन दिसतं. बिटलॉकर असेल तर तिथेही की मागितली जाते, मघाशी कागदावर लिहिलेलीच.

अडलंच तर

आता ते तीन टप्पे. अडचण सांगताना ‘बूट होत नाही’ एवढंच सांगून कुणालाच काही कळत नाही. शेवटचं काय दिसलं ते सांगा.

बूट मेन्यूत पेनड्राइव्हचं नावच नाही, किंवा निवडल्यावर पुन्हा विंडोजच येतं: हा पहिला टप्पा, फर्मवेअरचा. दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावा, हब वापरत असाल तर काढा. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी बूट बंद आहे का ते बघा. ऑफिसमधून निकालात निघालेल्या लॅपटॉपवर ते बरेचदा बंद केलेलं असतं. इंटेल मॅकमध्ये टी२ ही सुरक्षेची चिप असेल तर बाहेरच्या डिस्कवरून बूट करायची परवानगी आधी रिकव्हरीमध्ये जाऊन द्यावी लागते. या टप्प्यावर आयएसओ पुन्हा पुन्हा उतरवण्यात काहीच हाशील नाही, अजून तिला कुणी स्पर्शच केलेला नाही.

व्हेंटॉयचा मेन्यू येतो, पण आयएसओ निवडल्यावर काळा पडदा किंवा थेट रीस्टार्ट: हा दुसरा टप्पा. तोच ‘एम’वाला ठसा काढा. तो ठीक असेल तर ‘नॉर्मल मोड’ऐवजी ‘ग्रब२ मोड’ वापरून बघा. मिंटचा मेन्यू येऊन त्यानंतर पडदा काळा पडत असेल तर बहुधा ग्राफिक्स कार्डाचा घोळ असतो, विशेषतः एनव्हिडियाच्या. मिंटच्या मेन्यूतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ त्याचसाठी आहे.

ओळी सरकतात आणि ‘इनिटरॅमएफएस’वर थांबतं, किंवा लाइव्ह फाइल सिस्टीम सापडत नाही असं काहीतरी येतं: तिसरा टप्पा. कर्नल आपलं सामान शोधतंय आणि ते मिळत नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावून, शक्यतो यूएसबी २ च्या, पुन्हा करा. तरीही तेच आलं तर त्या आयएसओपुरतं व्हेंटॉय सोडा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर रूफसने लिहा.

सगळं नीट सुरू झालं, पण इन्स्टॉलरला लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही, हा प्रकार वेगळा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते. विंडोज इन्स्टॉल करताना त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेऊन, उलगडून, पेनड्राइव्हवर फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा. फर्मवेअरमधली व्हीएमडीची सेटिंग एका झटक्यात एएचसीआय या साध्या पद्धतीवर बदला असा सल्ला मिळाला तर थांबा: लॅपटॉपवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर ते त्यानंतर निळा पडदा दाखवून बसू शकतं.

विंडोजची आयएसओ

व्हेंटॉयवर विंडोजची आयएसओ ठेवली तर चालते. बलेना एचरने लिहिली तर चालत नाही, कारण ती हायब्रिड नसते. साधन स्वतःच तशी सूचना देतं आणि लोक ती न वाचता पुढे जातात. फाइली हाताने कॉपी करायच्या म्हटलं तर दुसरीच अडचण: यूईएफआयला हवं फॅट३२ आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही. विंडोज ११ च्या आयएसओतली ‘इन्स्टॉल.विम’ ही एकच फाइल त्याहून मोठी असते. रूफस यावर तोडगा म्हणून पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये करतं आणि शेजारी एक चिमुकलं पार्टिशन ठेवतं, ज्यातला छोटा बूटलोडर फर्मवेअरला एनटीएफएस वाचायला लावतो. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल ती फाइलच अधिक दाबून लहान करतं. फक्त विंडोजच टाकायचं असेल, बाकी काही नको असेल, तर ते टूल वापरलेलं उत्तम. आयएसओ वेगळी शोधावीही लागत नाही.

रूफसमध्ये लिनक्सची हायब्रिड आयएसओ दिली की ते विचारतं, आयएसओ मोडमध्ये (फाइली उलगडून) लिहू की डीडी मोडमध्ये (जशीच्या तशी). आधी आयएसओ मोड निवडा, ते नाही चाललं तर डीडी. फेडोरासारख्या काही लिनक्स आवृत्त्या तिसऱ्या टप्प्यात पेनड्राइव्हचं लेबल बघून स्वतःला शोधतात. आयएसओ मोडमध्ये ते लेबल बदललंत तर त्या सुरू होत नाहीत. रूफसने भरलेलं नाव तसंच ठेवा.

डीडी मोडने किंवा एचरने लिहिलेला पेनड्राइव्ह नंतर विंडोजला लावला की ‘फॉरमॅट करा’ असा आग्रह होतो किंवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबीचा दिसतो. तो बिघडलेला नाही, त्यावर आता विंडोजला न समजणारी मांडणी आहे. रूफस उघडा, बूट सिलेक्शनमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडा आणि ‘स्टार्ट’ दाबा, पूर्ण जागा परत मिळते. व्हेंटॉयवाल्या पेनड्राइव्हला हे लागत नाही. नवी आवृत्ती आली की त्याच खिडकीतलं ‘अपडेट’ दाबायचं, आतल्या आयएसओ आणि फाइली जागेवर राहतात. फक्त बोट शेजारच्या ‘इन्स्टॉल’वर पडू देऊ नका.